दंतवैद्याची खुर्ची

मराठी भाषेनें दांतांवर जितका लोभ केला आहे, तितका शरीराच्या दुसऱ्या एखाद्या अवयवावर क्वचितच केला असेल. आपण रागावलों कीं दांतओठ खातों, लाचार झालों कीं दांत विचकतों, आणि प्रतिपक्षाची फजिती झाली कीं त्याचे दांत त्याच्याच घशांत गेल्याचें समाधान मानतों. कृपणास 'दांत कोरून पोट भरत नाहीं' असा उपदेश करतों, आणि दैवाची चेष्टा पाहून 'दांत आहेत तर चणे नाहींत' असें म्हणून सुस्कारा टाकतों. इतक्या म्हणी झाल्या. परंतु ज्याची दाढ रात्रीं दोन वाजतां ठणकूं लागली आहे आणि ज्यास सकाळीं दंतवैद्याकडे जावयाचें आहे, त्या मनुष्याच्या मनाची स्थिति सांगणारी म्हण मात्र आमच्या ऐकिवांत नाहीं. त्या घटकेस म्हण रचण्याइतकें भान कोणासच राहत नसावें.

या विषयावर आम्ही लिहावयास बसलों आहों, तें कोणी वैद्यकशास्त्राचे पंडित म्हणून नव्हे. आम्ही शिक्षक, खडू आणि फळा हींच आमचीं हत्यारें. परंतु आमच्या आयुष्यांत दोन वेळां आणि आमच्या आत्येच्या आयुष्यांत दोन वेळां त्या उंच खुर्चीशीं गांठ पडण्याचा प्रसंग आला. दोघांचाहि पहिला अनुभव आणि दुसरा अनुभव यांत जमीन-अस्मानाचें अंतर होतें. आरसा तोच, चिमटा तोच, बधिर करण्याचें औषधहि बहुधा तेंच. मग अंतर पडलें तें कशानें? या प्रश्नाचें जें उत्तर आम्हांस सांपडलें, तें विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु.

इ. स. १९८४ च्या पावसाळ्यांत आम्ही इयत्ता सहावींत होतों. उजव्या बाजूची खालची एक दाढ किडली होती. 'दुधाची दाढ आहे, पडेल आपोआप,' अशी आमच्या वडिलांची समजूत होती, आणि त्यांत त्यांचा फारसा दोष नव्हता. मुलाला सहावें वर्ष लागतें त्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागें चार नव्या दाढा निघतात. त्यांच्यासाठीं आधींचा एकहि दांत पडत नाहीं. म्हणून घरोघरीं त्यांस दुधाच्या दाढा समजतात. त्या असतात मात्र कायमच्या, आणि एकदां गेल्या कीं पुन्हा येत नाहींत. आमची ती दाढ अशांपैकीं होती. आमची आई आम्ही लहान असतांनाच वारली होती. तिच्या मागें आम्हांस वाढविलें तें आत्येनें. आत्येनें लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेंत ठेवला. लवंगेंत युजेनॉल नांवाचें द्रव्य असतें व तें ठणका कांहीं काळ बधिर करतें, म्हणून तो उपाय अडाणीपणाचा नव्हता; परंतु तो दुखणें झांकतो, बरें करीत नाहीं. चौथ्या दिवशीं गाल सुजून पुरीसारखा फुगला, तेव्हां वडील आम्हांस एस. टी. नें जिल्ह्याच्या गांवीं घेऊन गेले.

त्या दवाखान्यांतील बांक, पडद्याआडून येणारी यंत्राची घरघर आणि मधूनच उठणारें कोणाचें तरी कण्हणें, हें सारें आजहि आमच्या कानांत आहे. 'कांहीं दुखणार नाहीं,' असें वडिलांनीं वाटेंत पांच वेळां सांगितलें होतें. पांचव्या वेळीं आमची खात्रीच पटली कीं, खूप दुखणार. डॉक्टर आम्हांस दोनच शब्द बोलले: 'तोंड उघड.' कंपाउंडरनें डोकें धरलें, वडिलांनीं हात धरले. सुई टोंचली गेली; पण दाढ नीट बधिर झाली नाहीं. जेथें सूज व पू असतो, तेथील पेशींत आम्लता वाढलेली असते आणि तिच्यामुळें औषध मज्जातंतूंत पुरतें शिरत नाहीं, हें कारण आम्हांस पुष्कळ वर्षांनीं कळलें. त्या वेळीं कळलें तें एवढेंच कीं, आम्ही ओरडत होतों आणि डॉक्टर म्हणत होते, 'दुखत नाहीं, तुला नुसतें वाटतें.' शेवटीं ते म्हणाले, 'एवढा घोडा झालास नि रडतोस?' दाढ निघाली. कापसांत गुंडाळून ती आमच्या हातीं देण्यांत आली. ती गेली, तिच्या जागीं भीति उगवली, आणि त्या भीतीला पुढें चौतीस वर्षें कीड म्हणून लागली नाहीं.

आज त्या डॉक्टरांस नांवें ठेवण्याची आमची इच्छा नाहीं. त्यांचा हात कुशल होता. बाहेर बांकांवर पंचवीस-तीस माणसें खोळंबलीं होतीं. त्यांना दाढ दिसत होती. दाढेभोंवतीं एक मुलगा आहे, हें दिसण्यास त्यांस सवड नव्हती. परंतु ज्यास दुखतें त्यालाच 'दुखत नाहीं' म्हणून सांगणें, यासारखी दुसरी एकाकी अवस्था नाहीं. वेदना सोसतां येते. आपली वेदना कोणी खरीच मानीत नाहीं, हें सोसतां येत नाहीं.

वस्तुतः वेदनेशीं मनुष्यानें जी लढाई दिली, तींत दंतवैद्य आघाडीवर होते. इ. स. १७२८ मध्यें पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानें आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. दांत पोखरणारा किडा असतो, या जुन्या समजुतीस त्यानें त्यांत आधार नसल्याचें सांगितलें. आणि रोग्यास जमिनीवर बसवून दांत काढण्याच्या चालीचा निषेध करून त्यास भक्कम आरामखुर्चीवर बसवावें, असें लिहिलें. म्हणजे ज्या खुर्चीची आम्हांस इतकी धास्ती, ती मुळांत रोग्याच्या सुखासाठींच आली! पुढें अमेरिकेंतील हार्टफर्ड शहरीं होरेस वेल्स नांवाचा दंतवैद्य होता. त्यानें डिसेंबर १८४४ मध्यें हास्यवायूचा एक खेळ पाहिला; त्या वायूच्या धुंदींत एका मनुष्याच्या पायास जखम झाली, तरी त्यास तिचा पत्ता नव्हता. वेल्सनें दुसऱ्याच दिवशीं, ११ डिसेंबर रोजीं, तोच वायु हुंगून आपल्या सोबत्याकडून स्वतःची दाढ काढवून घेतली. आपल्या युक्तीची परीक्षा त्यानें परक्याच्या तोंडांत नव्हे, स्वतःच्या तोंडांत केली. पुढल्याच महिन्यांत बोस्टन येथें त्यानें जाहीर प्रयोग केला. वायु पुरता भिनला नाहीं, रोगी ओरडला, आणि प्रेक्षकांनीं थोतांड म्हणून वेल्सची हेटाळणी केली. पुढें १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं त्याचाच एक काळचा शिष्य व भागीदार मॉर्टन यानें ईथर वापरून तेथेंच यश मिळविलें. १८८४ मध्यें जागा तेवढी बधिर करण्यासाठीं कोकेनचा उपयोग होऊं लागला, १९०५ मध्यें त्याहून निर्धोक असें नोव्होकेन आलें, आणि १९४३ मध्यें स्वीडनमधील लोफग्रेन यानें लिडोकेन तयार केलें. तें आजहि दंतवैद्यांच्या नित्य वापरांत आहे.

मग एवढें सारें साधल्यावर माणसें दंतवैद्याच्या दारावरून परत कां फिरतात? कारण औषधानें बधिर होतो तो मज्जातंतु. भीति आणि लाज या दोन गोष्टी मज्जातंतूंत राहत नाहींत. त्यांवर सुई चालत नाहीं. हें आम्हांस शिकविलें तें आत्येनें.

आत्या मिश्री लावीत असे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून, कुटून केलेली ती पूड ती पत्र्याच्या डबींत ठेवी. सकाळीं चहाचें आधण ठेवण्यापूर्वीं आणि दुपारीं भांडीं आटोपल्यावर ओसरीच्या कोपऱ्यांत बसून बोटानें दांतांवर फिरवी. मिश्रीनें दांत बळकट होतात, असें तिला तिच्या सासूनें सांगितलें होतें. त्या काळीं गांवांतील निम्म्या बायकांचें तोंड मिश्रीवांचून उघडत नसे. त्यामुळें यांत कांहीं वावगें आहे, असें कोणाच्या मनांतहि आलें नाहीं. इ. स. २००६ मध्यें तिच्या हिरड्या सुजल्या, दोन दांत हलूं लागले, तेव्हां आम्हीं तिला शहरांतील एका दवाखान्यांत नेलें. खरें सांगावयाचें तर तिला आंत पाठवून आम्ही बाहेरच बसलों; ती घरघर ऐकण्याचेंहि धैर्य आम्हांस नव्हतें. पांच मिनिटांत आत्या बाहेर आली. पदर तोंडावर घट्ट धरलेला होता. 'काय झालें?' 'कांहीं नाहीं.' एस. टी. मध्यें ती एक शब्द बोलली नाहीं. गांवाची वेस दिसूं लागली तेव्हां म्हणाली, 'पुन्हा मला तिकडे नेऊं नकोस.'

आम्हीं नेलें नाहीं. आग्रह करावा असें कर्तव्य सांगत होतें. परंतु आमची स्वतःची भीति कर्तव्याच्या कानांत कुजबुजत होती कीं, म्हातारीचें मन मोडूं नये. अशा रीतीनें आपला भेकडपणा आम्हीं तिच्यावरील प्रेमाच्या नांवानें खपविला. आत्या भाकरी आमटींत भिजवून, कुसकरून गिळूं लागली. लग्नकार्यांत बायका हसत तेव्हां तिचा पदर ओठांवर जाई. अशीं अकरा वर्षें गेलीं.

२०१७ च्या उन्हाळ्यांत आमच्या सौभाग्यवतीच्या ध्यानांत आलें कीं, आत्येनें तिखट खाणें अजिबात सोडलें आहे. ठेच्यावांचून जिचें जेवण होत नसे, ती दहीभात मागूं लागली. विचारलें तर 'वय झालें' हें उत्तर ठरलेलें. तालुक्याच्या गांवीं एका तरुण डॉक्टरीणबाईंनीं नुकताच दवाखाना थाटला होता. सौभाग्यवतीनें जाऊन त्यांच्याशीं आधीं बोलणें केलें, आणि एके सकाळीं 'नुसतें बसून येऊं' एवढ्याच बोलीवर आत्येस गाडींत बसविलें. या वेळीं मात्र आम्ही आंत गेलों.

डॉक्टरीणबाई स्वतः दारापर्यंत आल्या. तोंडावरचा कपडा त्यांनीं खालीं ओढला होता, त्यामुळें त्यांचा चेहरा दिसत होता. 'या आजी,' त्या म्हणाल्या, 'आधीं इथें साध्या खुर्चीवर बसूं. त्या मोठ्या खुर्चीचें मग पाहूं.' स्वतः त्या समोरच्या बुटक्या स्टुलावर बसल्या, म्हणजे आत्येपेक्षां हातभर खालीं. त्यांचा पहिला प्रश्न 'कोणता दांत?' हा नव्हता. त्यांनीं विचारलें, 'आजी, भाकरी कोणत्या बाजूनें चावतां?'

दांत दाखविण्याची तयारी आत्येनें मनाशीं केली असेल. या प्रश्नाची केली नव्हती. 'चावत नाहीं, बाई. भिजवून गिळतें.'

'किती वर्षें?'

'दहा-अकरा.'

'एवढीं वर्षें कोणाकडे गेलां नाहीं, म्हणजे मागें कोणीतरी दुखवलें असेल.'

आत्या बराच वेळ पदराच्या टोकाशीं चाळा करीत राहिली. मग तिनें सांगितलें. अकरा वर्षांपूर्वीं त्या दवाखान्यांत तिनें तोंड उघडतांच डॉक्टर उभ्या असलेल्या चारचौघांदेखत म्हणाले होते, 'हें तोंड आहे कीं उकिरडा?' इतकेंच. एवढें एक वाक्य ती बाई अकरा वर्षें मनांत घेऊन वावरली होती, आणि तें आम्ही तिच्या घरांत राहून त्या दिवशीं प्रथम ऐकलें.

'असें कोणी बोलूं नये,' डॉक्टरीणबाई म्हणाल्या. 'मी बोलणार नाहीं.' मग सहज विचारावें तसें विचारलें, 'मिश्री दिवसांतून किती वेळां होते?'

'सोडली आतां,' आत्या म्हणाली. तिचें उजवें बोट टोकाला काळें होतें. डॉक्टरीणबाईंनीं तें पाहिलें, पण त्याकडे बोट दाखविलें नाहीं. 'सोडणें फार कठीण जातें, आजी. तंबाखूंत जें विष असतें, त्याची ओढ शरीरालाच लागते. तो कांहीं मनाचा दुबळेपणा नव्हे.' आत्येनें बोट पदराखालीं घेतलें आणि हळूच म्हणाली, 'चार वेळां.'

येथें आम्हांस प्रथम उमगलें कीं, सहानुभूति म्हणजे नुसता गोडवा नव्हे. ती तपासणीचें एक साधन आहे. आरशानें दांत दिसतात. 'चार वेळां' हें आरशानें दिसत नाहीं. जेथें लाज वाटते, तेथें रोगी खोटें बोलतो, आणि खोट्या माहितीवर केलेला उपचार चुकतो. ज्याला निर्भयपणें खरें सांगतां येतें, त्याचा अर्धा रोग वैद्याच्या हातीं आपण होऊन येतो.

त्यानंतर मोठी खुर्ची. डॉक्टरीणबाईंनीं लहान आरसा आत्येच्या हातीं दिला, तो तिच्या नखावर हळूच आपटून दाखविला, 'एवढाच लागेल' म्हणाल्या, आणि मगच तोंडांत घातला. आधीं सांगावें, मग दाखवावें, मग करावें, ही रीत अमेरिकेंतील अ‍ॅडल्स्टन या दंतवैद्यानें १९५९ मध्यें लहान मुलांसाठीं लिहून ठेविली. ती मोठ्यांसहि तितकीच लागू पडते, कारण त्या खुर्चीवर बसल्यावर कोणीहि फार मोठा राहत नाहीं. शेवटीं त्या म्हणाल्या, 'नको वाटलें कीं डावा हात वर करा. मी त्याच क्षणीं थांबेन. कारण सांगावयास नको.'

आरसा आंत गेला. आत्येचा हात वर झाला. डॉक्टरीणबाई थांबल्या. पुन्हा सुरुवात झाली, पुन्हा हात वर झाला, पुन्हा त्या थांबल्या. तिसऱ्या वेळीं हात वर झाला तेव्हां त्यांनीं विचारलें, 'कांहीं टोंचलें का, आजी?' आत्या म्हणाली, 'नाहीं. थांबतेस का, तें पाहिलें.' सगळे हसले. आत्याहि हसली, आणि पदर ओठांवर न्यावयाचा ती विसरली.

तें हसूं मावळण्यापूर्वींच आम्हांस दिसलें कीं, डॉक्टरीणबाईंची नजर गालाच्या आंतल्या बाजूस एका ठिकाणीं खिळली आहे. त्यांनीं आत्येच्या हातीं मोठा आरसा दिला व तेथील पांढरा चट्टा तिला दाखविला. त्या आमच्याकडे पाहून बोलल्या नाहींत. ज्यांच्या तोंडाची गोष्ट, त्यांच्याकडेच पाहून बोलल्या. 'आजी, हा डाग पुसून निघत नाहीं. असे डाग तंबाखूनें पडतात. त्यांतले बरेचसे तसेच राहतात, पण कांहींचा पुढें कर्करोग होतो. हा त्यांतला कोणता, हें नुसत्या डोळ्यांनीं कोणालाच सांगतां येत नाहीं. म्हणून एक बारीक तुकडा काढून तपासावयास पाठवूं. तुम्हांला खोटा धीर देत नाहीं, आणि उगीच भिववीतहि नाहीं.'

'दुखेल?' आत्येनें विचारलें.

'सुई टोंचतांना दुखेल, मुंगी चावल्यासारखें. मग दाबल्यासारखें वाटेल, पण दुखणार नाहीं. घरीं गेल्यावर दोन-तीन दिवस हुळहुळेल.'

आत्येनें क्षणभर विचार केला आणि म्हणाली, 'काढा.'

पांच वेळां ऐकलेल्या 'कांहीं दुखणार नाहीं' या वाक्याची आम्हांस त्या क्षणीं आठवण झाली. खोट्या आश्वासनानें जें धैर्य येत नाहीं, तें खऱ्या माहितीनें येतें. कारण दुःख किती व केव्हां हें एकदां कळलें, कीं मनुष्य त्यासाठीं आपलें बळ सांठवून ठेवूं शकतो.

तपासणीचा निकाल येईपर्यंतचे ते आठ दिवस आमच्या घरांत कोणी नीट जेवलें नाहीं. निकाल आला: कर्करोग नव्हता, परंतु पेशी बिघडावयास लागल्या होत्या. मोठ्या शहराच्या रुग्णालयांत तो डाग काढून टाकण्यांत आला. तो अकरा वर्षांत केव्हां उमटला, हें कोणास सांगतां येणार नाहीं. आणखी एक-दोन वर्षें ती आली नसती तर काय झालें असतें, हेंहि कोणी निश्चित सांगूं शकत नाहीं. परंतु त्या एका वाक्याचें मोल आमच्या घरास किती पडलें असतें, या विचारानें आजहि रात्रीं झोंप उडते.

मिश्री एका दिवसांत सुटली नाहीं. डॉक्टरीणबाईंनीं 'सोडाच' असा हुकूम केला नाहीं; 'किती होते तेवढें मोजून सांगा' म्हणाल्या. आत्या निरक्षर, तिनें युक्ति काढली. मिश्री लावली कीं एक चिंचोका वाटींत टाकावयाचा, आणि महिन्यानें ते चिंचोके पुरचुंडींत बांधून दवाखान्यांत न्यावयाचे. पुरचुंडी लहान होत गेली. एका महिन्यांत मात्र ती एकाएकीं मोठी झाली. 'धाकटी बहीण गेली, बाई,' आत्या म्हणाली. डॉक्टरीणबाईंनीं चिंचोके मोजले नाहींत. बहिणीची चौकशी केली. पुढच्या दिवाळीस आत्येनें रिकामें फडकें नेऊन त्यांच्या टेबलावर पसरलें. तपासणीस ती अजून नेमानें जाते, कारण असे डाग पुन्हा उमटूं शकतात. आतां तिला कवळी बसविली आहे. कवळी बसल्यावर पहिल्या दिवशीं तिनें ज्वारीची कडक भाकरी आणि ठेचा मागितला, आणि तो खातांना तिच्या डोळ्यांत जें पाणी आलें, तें ठेच्याचें कीं आणखी कशाचें, हें आम्हीं विचारलें नाहीं.

आमची स्वतःची पाळी २०१८ मध्यें आली. डावीकडची दाढ ठणकूं लागली; आम्हीं लवंगेच्या तेलाची बाटली काढली. आत्येनें ती आमच्या हातांतून काढून घेतली आणि म्हणाली, 'चल, मी येतें बरोबर.' पंचेचाळिशींतला शिक्षक आणि त्याचा हात धरून चाललेली त्याची वृद्ध आत्या, असा तो देखावा होता. सुई टोंचण्यापूर्वीं डॉक्टरीणबाईंनीं हिरडीवर बधिर करणारा लेप लावला. मग गाल दोन बोटांत धरून हळूहळू हालविला आणि औषध अगदीं सावकाश आंत सोडलें. औषध घाईनें सोडलें तर तें पेशींस ताण देतें व अधिक दुखतें. गाल हालविण्यांतहि मर्म आहे: स्पर्शाचे संदेश वेदनेच्या संदेशांची वाट अंशतः अडवितात, असा सिद्धांत मेल्झॅक व वॉल या दोघां शास्त्रज्ञांनीं १९६५ मध्यें मांडला. ठेंच लागल्यावर आपण अंगठा चोळतों, तें याच कारणानें. 'दाबल्याचें कळेल, तें कळतें म्हणून औषध चढलें नाहीं असें समजूं नका. खरेंच दुखलें तर हात वर करा, आणखी औषध देईन,' असें त्यांनीं सांगितलें. बाजूच्या स्टुलावरून आत्या म्हणाली, 'कर हात वर. थांबते ती. मी पाहिलें आहे.'

आम्हीं हात एकदांहि वर केला नाहीं. तो करतां येतो, हें ठाऊक होतें म्हणून करावा लागला नाहीं. चौतीस वर्षें आम्ही ज्यास भ्यालों, तें दुखणें नव्हतेंच; 'थांबा' म्हणण्याचा अधिकार आपल्या हातीं नाहीं, याची ती भीति होती. दोन खुर्च्यांमधील अंतर कशानें पडलें, या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तेथें मिळालें.

पालकांस दोन शब्द सांगावेसे वाटतात. 'दांत घांसले नाहींस तर डॉक्टर सुई टोंचील,' असा धाक मुलांस घालूं नये. ज्याच्याकडे एक दिवस मदतीस जावयाचें, त्याचा बागुलबुवा करूं नये. 'मुळींच दुखणार नाहीं' असें वचनहि देऊं नये. तें मोडलें कीं डॉक्टरांबरोबर आपणहि खोटे ठरतों. पहिली भेट दुखण्याच्या वेळीं ठेवूं नये. पहिला दांत आल्यावर, वर्षाच्या आंतच, बाळास दंतवैद्याकडे एकदां दाखवून आणावें, असें आतां तज्ज्ञ सांगतात. ठणका नसतांना पाहिलेली खुर्ची नुसती खुर्चीच असते. आणि सहाव्या वर्षीं मागें निघालेल्या दाढांस दुधाच्या समजूं नये. आमच्या तोंडांतील रिकामी जागा त्या चुकीची साक्ष अजून देत आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांतील कांहीं उद्यां डॉक्टर होतील. तुमचे हात कुशल होतील, यंत्रें आजच्याहून चांगलीं असतील. परंतु रोग्यास 'भाकरी कोणत्या बाजूनें चावतां?' असें विचारण्यास कोणतेंहि यंत्र लागत नाहीं, आणि त्यास एका मिनिटाहून अधिक वेळहि लागत नाहीं.

एक कबुली देऊन हा लेख संपवितों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगा फळ्यापाशीं अपूर्णांकाचें गणित करतांना अडला आणि रडूं लागला. आम्ही म्हणालों, 'एवढा घोडा झालास नि रडतोस?' वाक्य तोंडांतून निघालें आणि तें कोठें ऐकलें होतें, हें तत्क्षणीं आठवलें. त्या दिवशीं आम्ही कांहीं बोललों नाहीं. शिक्षकासहि लाज वाटते. दुसऱ्या दिवशीं मात्र आम्ही त्याच्या बांकावर, त्याच्या शेजारीं जाऊन बसलों आणि विचारलें, 'कोणत्या पायरीपर्यंत समजलें होतें?' त्यानें बोट ठेवून दाखविलें. पहिल्या पायरीच्याहि अलीकडे तें बोट होतें. सबंध वर्ष आम्हीं त्यास तें कधीं विचारलेंच नव्हतें.